कापडावरची भेग

सानिकाचं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. सानिका म्हणजे आंबेकोंडच्या रावजी आणि सगुणा यांची थोरली नात. अक्षय्यतृतीयेला लग्न लागलं, मांडव घरापुढच्या खळ्यातच होता, आणि आमच्याकडच्या झाडून सगळ्या बाप्यांच्या खांद्यावर एकाच रंगाची उपरणी होती. पिकल्या जांभळाचा रस दुधात सांडला तर जसा दिसेल, तसा तो रंग. पंचक्रोशीत कोणी पाहिला नव्हता. जो तो विचारी, कापड कुठलं. रावजी मिशीत हसून सांगे, "कापड रत्नागिरीचं. रंग आमच्या न्हाणीच्या मागचा."

त्यात खोटं काही नव्हतं. संगमेश्वरापासून आत, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर. न्हाणीच्या मागे डोंगरातून एक झरा येई. आदल्या पावसाळ्यात त्या झऱ्याचं पाणी अचानक रंगाचं यायला लागलं. धाकटी नात शमिका रत्नागिरीला कॉलेजात शिकत होती आणि उरलेल्या वेळात संस्कृतीताईच्या दुकानात काम करत होती. ही संस्कृतीताई कापडाची नक्षी काढणारी. माती, साली, हिरडा यांचे रंग करून कापड छापायची. शमिका गणपतीला घरी आली असताना झऱ्याशी पाय घसरून पडली. ओढणी तीनदा धुतली तरी डाग जाईना. पोरगी हुशार. तिने त्या मातीचा गोळा डब्यात घालून नेला, आणि तिथून सगळं सुरू झालं.

जुनी माणसं त्या मातीला शेडी म्हणत. कातळाच्या पोटाखाली असते ती, मऊ, साबणासारखी, हातातून निसटणारी. दिवाळीपासून जेठापर्यंत रावजीने कुदळीने ती काढली. पोत्यांवर पोती रत्नागिरीला गेली. डोंगराची पायथ्याची उतरण होती तिथे कापलेल्या भिंतीसारखा पुरुषभर उंचीचा उभा धस झाला, आणि धसाच्या खाली वाकून माणूस बसेल एवढी पोकळी. सगुणा तिथे भांडी घासायला बसू लागली. वरून पाणी गळत नाही म्हणाली.

आता नागपंचमीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या दिवशी आमच्याकडे जमिनीला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही. चिरणं, कापणं, तळणं नाही. हळदीच्या पानात पातोळे उकडायचे, मातीचा नाग पाटावर मांडायचा, त्याच्यापुढे दिवा लावायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शेताच्या बांधावर पोचवायचं. सगळीच घरं हे पाळतात, कोणी कमी, कोणी जास्त. सगुणाच्या घरात मात्र त्यात दोऱ्याचा फरक चालत नसे. त्याला कारण होतं.

तेवीस वर्षांपूर्वी नागपंचमीच्या सकाळी शेताचा बांध फुटला. लावणी वाहून जायला लागली तेव्हा रावजीने घातली कुदळ खांद्यावर आणि चार घाव मारून पाणी वळवलं. सगुणा नको नको म्हणत मागे धावली होती. त्याच संध्याकाळी गोठ्यात वासराशी खेळताना त्यांच्या धाकट्या मुलाला, ओमकारला, पान लागलं, म्हणजे साप चावला. सहा वर्षांचा होता. डावा पाय, घोट्याच्या वर, दोन टिंबं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत मांडीवरच गेला.

रावजी कधी म्हणाला नाही की कुदळीमुळे गेला. सगुणाही तोंडाने कधी म्हणाली नाही. पण तेराव्यानंतर तिने त्याला तुळशीपुढे उभं केलं आणि हातात पाणी घेऊन वदवून घेतलं की या दिवशी मी मातीला लोखंड लावणार नाही, डोंगर कोसळला तरी नाही. तिने शब्द नेमके तेच घातले होते. रावजीने पाणी सोडलं. पुढची तेवीस वर्षं दर नागपंचमीला तो पडवीत बसून विड्या ओढी आणि म्हणे, "बायकोने मला आज जप्त केलाय."

त्या साली नागपंचमी मंगळवारी आली. लावण्या उरकल्या होत्या, आणि नाहीतरी त्या दिवशी शेतात हात घालायचा नाही, म्हणून संस्कृतीताईने आदल्या आठवड्यातच निरोप धाडला होता : आजी, तुमच्या मातीचं नवं कापड झालंय, एकदा येऊन बघा, स्वतःसाठी एक पसंत करा. शमिका सोमवारी घरी आली ती आजीला घेऊन जायलाच.

सगुणा पहाटे उठली. नाग मांडला, पातोळे उकडले. न्हाणीत पाणी घ्यायला मागचं दार उघडायला गेली तर दार हलेना. खांदा लावला तेव्हा कुठे करकरत निघालं, आणि मग परत लागेना.

"पावसाने फुगलंय," रावजी म्हणाला. "रंधा मारायला हवा. उद्या."

"व्हय, उद्याच. आज रंध्याला पण हात लावू नका."

"रंधा लाकडाला लावतात गो, मातीला नाय."

"तरी पण."

मागे गेली तर आणखी एक नवल. झरा थांबला होता. तीन दिवस पाऊस धरला होता, पन्हळी धो धो वाहत होत्या, आणि वर्षभर न चुकता वाहणारा झरा कोरडा. धस ओला होता, पण पाणी नाही. सगुणाने क्षणभर हात जोडले. तिला वाटलं, नागोबाचा दिवस, त्यानेच आज पाणी आवरलं. घरात येऊन तिने तसं सांगितलंही.  रावजी उठून मागे गेला, बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन पडवीत बसला.

"तू जा," तो म्हणाला. "गाडी चुकेल."

"दिव्यात तेल बघा. विझता नये. घर सोडून कुठं जाऊ नका."

"नाग घेऊन पळून जातोय काय मी? जा."

शमिकाने आजोबांच्या पाया पडून पाठीला पिशवी लावली. खळ्याच्या कडेवरून सगुणाने मागे वळून पाहिलं. रावजी पडवीत बसला होता, विडी पेटवत नव्हता, नुसती बोटांत धरली होती. हे तिला पुढे पुष्कळदा आठवलं.

एसटी रत्नागिरीत पोचेपर्यंत दहा वाजून गेले. संस्कृतीताईचं दुकान मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, एका जुन्या जाळ्यांच्या गोदामात. खाली बंदरात होड्या प्लास्टिकचे कागद पांघरून एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मासेमारी उघडायला अजून तीन दिवस होते. दुकानात शिरलं की आधी हिरड्याचा तुरट वास येई, मग त्याच्या खालून जुन्या जाळ्यांचा, आणि तो काही केल्या जात नसे.

"आजी, आलात एकदाच्या," संस्कृतीताई म्हणाली. पस्तिशीची बाई, कोपरापर्यंत रंगलेले हात, केसांत पेन्सिल खोचलेली. "वर्षभर तुमची माती मळतेय मी आणि तुम्ही आत्ता दर्शन देताय."

"माती मळता म्हणजे आमच्या भांड्यांना पण हातभार लावा," सगुणा म्हणाली आणि पातोळ्यांचा डबा पुढे केला. संस्कृतीताई हसली, तिथेच उभ्याने एक खाल्ला आणि बोटं चाटली.

मागच्या अंगणात पत्र्याखाली एक म्हातारा मोठ्या पिंपात माती कालवत होता. पातळ फडक्यातून गाळायची, निवळू द्यायची, परत गाळायची. पाठ एका बाजूला वाकलेली. संस्कृतीताईने ओळख करून दिली. हे सखाराम. आयुष्यभर विहिरी खणल्या, पाठ गेली तशी दुकानात आले. माती गाळण्यात यांचा हात कोणी धरणार नाही.

"नमस्कार वयनी," सखाराम म्हणाला. "ही माती तुमच्याकडली काय? मला वाटलं नदीच्या पात्रातली. झकास हाय. बोटाला लागतच नाय, एवढी बारीक."

"घराच्या मागची हाय," सगुणा म्हणाली.

सखारामने पिंपातला हात थांबवला. काही विचारणार असं वाटलं, पण तेवढ्यात आतून हाक आली आणि सगुणा गेली.

जेवणं उरकून दोन वाजत आले तेव्हा आत संस्कृतीताईने कापडं काढली. एक उलगडलं, दुसरं उलगडलं. कुठे भाताच्या लोंब्या, कुठे खेकड्यांच्या नांग्या, कुठे नुसते ठिपके. सगुणाच्या घरामागची माती अशी सुताच्या पोटात जाऊन बसली होती, आणि हात लावला की खरंच थंड लागे. सगुणाला संकोच वाटला. एवढं सुंदर काही आपल्या न्हाणीच्या मागून निघालं हे तिला पटेना. ठिपक्यांचं एक तिला आवडलं.

"पाच मीटर देते कापून," संस्कृतीताई म्हणाली आणि कात्री उचलली.

"आज नको. आज कात्री लावू नका."

"का हो?"

"नागपंचमी हाय."

"आजी, इथे दुकानात कुठला नाग?"

"तुमच्याकडं नसेल. माझ्याकडं हाय." सगुणा हे हसत म्हणाली नाही. शमिकाने ताईला डोळ्याने खुणावलं. घरातली गोष्ट ताईला ठाऊक असावी, कारण तिने कात्री मुकाट खणात टाकली आणि खण लावून घेतला.

"थांबा मग, आज नुसतं एक दाखवते," असं म्हणत तिने मागच्या फळीवरून एक ताका ओढला. "हे कालच वाळलंय. शमिकाचीच नक्षी आहे ही. बघा नातीची करामत."

ताका टेबलावर उलगडत गेला. फिक्या जांभळट कापडावर गडद रंगाची एक रेघ होती. वाकडी, मध्येच दुभंगलेली, पुन्हा एक झालेली, विळ्याच्या पात्यासारखी वळलेली. ठशावर ठसा मारून ती रेघ टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. तिच्या काठाला बारीक बारीक गवत कोरलेलं होतं.

सगुणाने ती ओळखली. 

"ही आमच्या वरची."

"हो आजी," शमिका म्हणाली. तिला कौतुकाची घाई झाली होती. "आषाढात मी फोटो काढला होता ना, घराच्या वर, चरणीत? तीच. ताईंनी लाकडात कोरून घेतली."

सखाराम दारात उभा होता. गाळलेल्या मातीचं भांडं घेऊन आत येत होता तो तिथेच राहिला.

"ही रेघ कसली?" त्याने विचारलं.

"भेग हाय," सगुणा म्हणाली. "आषाढात पडली. घराच्या वर, गुरं चरतात तिथं."

"केवढी?"

"पयली बोटभर होती. परवा हात जात होता."

"लांब?"

"विळ्यासारखी वळलीय. ह्या दगडी गडग्यापासून त्या गडग्यापर्यंत."

सखारामने भांडं खाली ठेवलं. कापडाजवळ येऊन त्याने रेघेवर बोट ठेवलं आणि टेबलाच्या कडेपर्यंत नेलं. बोटाचा ओला ठसा कापडावर उमटला. एरवी संस्कृतीताई ओरडली असती. आज ती जवळ येऊन बघू लागली.

"वयनी, शेडी तुमी घराच्या मागची काढलीत. म्हणजे भेगेच्या खालनं."

"व्हय."

"किती?"

"सात म्हयने काढली. पुरुषभर धस हाय."

"आणि झरा? शेडीला झरा असतोच. पाणी कसं येतंय?"

"आज नाय आलं. आज थांबलंय," सगुणा म्हणाली, आणि सकाळी ज्या गोष्टीला हात जोडले ती बोलताना तिचा स्वर बदलत गेला. "पाऊस तीन दिवस हाय. तरी थांबलंय."

"मग ते पाणी गेलं कुठं?"

 बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मी बेचाळीस विहिरी खणल्या," सखाराम म्हणाला. "वर कातळ, मध्ये ही शेडी, खाली काळा पाषाण. शेडी भिजली की वरचा सगळा डोंगर साबणावर उभा. झऱ्यातनं पाणी निघतंय तवर बरं. थांबलं म्हणजे ते आत तुंबलं. दोन माणसं गेली माझी अशी, विहिरीच्या तळाला. त्या दिवशी पण झरा सकाळी थांबला होता, आमी खूश झालो, उपसायचं काम वाचलं म्हणून." तो थांबला. "दारं खिडक्या लागतात काय घराच्या?"

 मागचं दार सगुणाच्या डोळ्यांपुढे करकरत उघडलं.

"घरात कोण हाय?"

"मालक. एकटेच. पोरगा-सून कामाला भायेरगावी."

"फोन लावा. माणूस भायेर काढा आधी. घर ऱ्हावू दे, गुरं ऱ्हावू दे, माणूस काढा."

शमिकाने आजोबांचा नंबर लावला. फोन लागेना. त्या घरात रेंज येते ती फक्त पडवीच्या खिडकीत; रावजीचा बटणांचा फोन कायम तिथेच ठेवलेला असे. पाचव्यांदा लावला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. पाणी ओरपल्यासारखा आवाज आला आणि मग रावजीचा.

सगुणाने फोन घेतला आणि दुकानाच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी गेली. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती.

"अवो, ऐकताय ना?"

"बोल. पातोळे आवडले काय रत्नागिरीकरांना?"

"घराच्या भायेर व्हा. आत्ताच्या आत्ता. पऱ्यापलीकडं संदेशाकडं जा."

"का गो? सकाळी म्हणालीस घर सोडू नका. आता म्हणतेस भायेर व्हा."

"डोंगर सुटतोय. इथं विहिरी खणणारा माणूस हाय, तो सांगतो. झरा थांबला ते चांगलं नाय. पाणी आत तुंबलंय."

पलीकडे रावजी खाकरला. 

"मना पण तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "सकाळीच बघितलं मी. धसाला फुगवटा आलाय, हंड्याएवढा. तू आल्यावर बोलणार होतो. दोन हात चर मारला तर पाणी वाट काढील. दहा मिनटांचं काम. पण आज कुदळ लावायची नाय, म्हणून बसलोय."

सगुणाने खिडकीचा गज धरला.

तेवीस वर्षं या माणसाने तिचा शब्द पाळला होता. हंड्याएवढा फुगवटा बघून तो परत पडवीत येऊन बसला होता, कारण तिने तुळशीपुढे पाणी सोडायला लावलं होतं. विडी न पेटवता तो का बसला होता ते तिला आता कळलं. तिच्या डोळ्यांसमोर ओमकारचा पाय आला, डावा, घोट्याच्या वर दोन टिंबं. एक मुलगा मी वाचवू शकले नाही, आता हा माझ्या शपथेपायी बसून राहिलाय, असं तिच्या मनात आलं. नाग मोठा की माणूस मोठा, एवढाच सवाल तिच्यापुढे उभा राहिला, आणि तो एवढा मोठा होता की त्याच्या मागे दुसरं काही दिसेना.

"मारा," ती म्हणाली.

"काय?"

"मारा चर. मी सांगते. शपथ मी सोडवली. जो काय दोष असेल तो माझ्यावर."

"खरं म्हणतेस?"

"खरं म्हणते. नागोबाला मी बघून घेईन."

रावजी हसला. बऱ्याच वर्षांत तिने ते हसू ऐकलं नव्हतं, लग्न होऊन आली तेव्हाचं. "तेवीस वर्षांनी सुटलो म्हणायचा. बरं. चर मारतो, गाय सोडतो आणि जातो संदेशाकडं. येताना मना सुपारी आण, चिकणी."

"लवकर करा."

"दिव्यात तेल घालतो आणि जातोच."

फोन खिडकीत ठेवल्याचा आवाज आला. सगुणाने कपाळावरचा घाम पदराने पुसला. तिला हलकं वाटलं. ती तिथेच कापडाच्या ढिगावर बसली.

सखाराम आला. "काय म्हणाला मालक? निघाला?"

"निघतायत. चर मारतात आणि जातात."

"कोण चर मारतोय?"

"तेच. पाण्याला वाट करून देतात. आज कुदळ चालत नाय आमच्यात. पण मी सोडवली शपथ," सगुणा म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात, म्हटलं तर, थोडा अभिमानही होता.

सखारामचा चेहरा तिने पाहिला.

"वयनी," तो हळू म्हणाला, "मी माणूस काढा म्हटलं. चर मारा असं नाय म्हटलं. त्या धसाखाली आज कोंबडीनं पण उकरता नये."

सगुणा उठली. कुदळीची गोष्ट निघाल्यापासून तिने नागाशीच हुज्जत घातली होती. डोंगराला ती विसरली होती. रावजीने चर म्हटल्यावर तिला तुळस दिसली, पाणी सोडणारा हात दिसला, मुलाचा पाय दिसला. फुगलेला धस आणि त्याच्याखाली वाकलेला म्हातारा दिसला नाही. आता दिसला.

"लाव," ती शमिकाला म्हणाली. "परत लाव."

या वेळी फोन लगेच लागला. रिंग वाजत राहिली. पडवीच्या खिडकीत वाजत असणार, आणि न्हाणीच्या मागे पावसात ती ऐकू जाणार नव्हती. शमिकाने परत लावला. परत. मग संदेशाला लावला. संदेश पऱ्यापलीकडचा, म्हणजे ओढ्याच्या पल्याडचा शेजारी, तरुण गडी. त्याने उचलला. शमिकाने दोन वाक्यांत सांगितलं. "धावतो," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला.

संस्कृतीताईने गाडी काढली. कोणी कोणाला या म्हटलं नाही, सगळे बसले, सखारामही. सगुणा पुढे, शमिका मागे, दर दोन-तीन मिनिटांनी आजोबांचा नंबर लावत. रिंग वाजे आणि बंद पडे. हातखंबा गेलं. महामार्गाच्या कडेला खोदून ठेवलेली लाल माती वाहून रस्त्यावर आली होती आणि गाड्या तिच्यातून सावकाश जात होत्या. निवळी गेली. सगुणा समोरच्या काचेकडे बघत होती आणि ओठ हलवत होती. ती नागाला सांगत होती की दोष माझ्यावर म्हटलंय मी, माझ्यावर, दुसऱ्या कोणावर नाही.

बावनदीच्या पुलावर शमिकाचा फोन वाजला. संदेशाचा होता. शमिका ऐकत राहिली. तिने आजीच्या खांद्यावर हात ठेवला. सगुणाने तो हात धरला आणि विचारलं, "उभे होते की वाकलेले?"

संदेश पऱ्यावरच्या साकवावर, लाकडी पुलावर, पोचला तेव्हा त्याने रावजीला पाहिलं. वाकून कुदळ मारत होता. संदेशाने हाक मारली. रावजीने मान वर केली, हात हलवला, झालंच म्हणून, आणि परत वाकला. मग वरचं गवत सगळं मिळून खाली सरकलं. आवाज नंतर आला, असं संदेश सांगे.

घर उभं होतं. हे गावात कोणाला खरं वाटलं नाही, पण घर उभं होतं. न्हाणी आणि मागची भिंत गेली. दरड तिथवर येऊन थांबली. गाय दाव्याला होती तशीच जिवंत होती. पडवीत बसून राहिला असता तर त्याच्या अंगावर धूळसुद्धा उडाली नसती, हे सगुणाला कोणी बोलून दाखवलं नाही आणि दाखवायची गरजही नव्हती. ती आत गेली. पाटावर नाग होता. दिवा जळत होता, तेल काठोकाठ भरलेलं. खिडकीत फोन होता, आणि त्यावर न उचललेल्या फोनांचा आकडा एकवीस होता.

सखाराम घराच्या वर जाऊन भेग बघून आला. कापडावरच्या रेघेपेक्षा ती आता फार मोठी झाली होती. त्याने गावातल्या पोरांना सांगितलं, या घरात पाऊस संपेपर्यंत कोणी झोपता नये. सगुणा त्याच संध्याकाळी नाग उचलून संदेशाकडे गेली आणि दुसऱ्या सकाळी एकटीने तो बांधावर पोचवून आली. तोवर पोरं पाट्यांनी माती काढत होती. माती जांभळट होती आणि सगळ्यांच्या कपड्यांना लागली. ती गेली नाही.

संस्कृतीताईने त्या नक्षीचा ठसा फोडून चुलीत घातला. ताका शमिकाकडे आहे, न कापलेला.

रावजी, वय एकाहत्तर, आंबेकोंड, सानिकाच्या लग्नाच्या साली श्रावण शुद्ध पंचमीला, मंगळवारी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी घरामागची दरड अंगावर येऊन वारले. बुधवारी सकाळी दहाला सापडले. कुदळ हातात होती.